अपोंडीच्या गळ्यातली डबी

भांडणात हरायला लागली की अलेगोवाली पडते, असं तिच्या घरचे म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर.

"कोर्टात हरलेला मानूस अपील करतो," तिची सवत अदोयो म्हणायची, "आमची थोरली आडवी पडती."

अपोंडी तिचं नाव. पण अलेगोहून लग्न होऊन आलेली, म्हणून अख्ख्या गावाला ती अलेगोवाली. अदोयो सेमेची, म्हणून ती सेमेवाली. बाईला तिच्या माहेराचं नाव मरेपर्यंत चिकटतं. सासरच्यांना फक्त तिचे हात लागतात. दोघींचा नवरा ओग्वेनो जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मागे राहिलं ते सरोवराच्या वरच्या टेकाडावरचं, हिरव्या शेराच्या कुंपणातलं घरठाण. फाटकासमोर मधोमध थोरलीचं घर, उजव्या अंगाला धाकटीचं, आणि खाली फाटकाजवळ दोघींच्या लेकांची घरं.

थोरलीशिवाय त्या कुंपणात काही सुरू व्हायचं नाही. मिकायी म्हणतात तिला. पेरणीचं बी तिच्या घरातून निघायचं, रानात पहिली कुदळ तिची पडायची, मग धाकटीची, मग लेकांची वयाच्या क्रमानं. नवं कणीससुद्धा आधी तिच्या चुलीत भाजायचं. हा क्रम मोडला तर चिरा नावाचा शाप लागतो. चिरा लागला की अंग झडत जातं, पोटातली लेकरं पोटातच सुकतात, आणि दवाखान्याच्या औषधाला तो दाद देत नाही. गावात असं एक घर नव्हतं जिथे कुणा एकाच्या मरणाला हे नाव दिलेलं नाही.

अपोंडीच्या हातात एवढी मोठी गोष्ट होती, आणि तिच्या दुखण्यावर मात्र कुणाचा विश्वास नव्हता.

दुखणंच तसं लबाड. बोलता बोलता छातीत एकदम मासा उलटल्यासारखं व्हायचं, डोळ्यांपुढे पांढरं यायचं, आणि मग गालाला जमीन लागायची. वरून माणसांचे आवाज. थोड्या वेळानं ती उठून बसायची, लुगड्याची माती झटकायची, आणि पुन्हा धड. ताप नाही, सूज नाही, खोकला नाही. असल्या दुखण्याला दुखणं कोण म्हणणार? त्यात ते यायचं ते नेमकं भांडणाच्या ऐन भरात. शांत बसलेल्या अपोंडीला पडताना कुणी पाहिलंच नव्हतं.

"ढोर बी पडायच्या आधी जागा बगतं," धाकटीचा लेक म्हणायचा. "ही तर मानसं बगून पडती."

मग नाताळाच्या सुमाराला ती चुलीपाशी पडली. विषय होता एका कोंबडीचा. सुनेनं, पेरेसनं, न विचारता कोंबडी विकली होती आणि सासूला वर तोंड करून म्हणाली होती, "तुमचीच हाय कशावरनं, आत्याबाई? तिच्या पायाला नाव लिवलंय का?" अपोंडी उत्तर शोधत होती आणि शोधता शोधताच ती वाकली. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या उगालीत, मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीत, गेला. उगालीचं पीठ कातडीला चिकटलं की सोडत नाही. तिच्या थोरल्या लेकाला, ओगोलाला, त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली. नाटकापायी माणूस इतका हात भाजून घेईल का, असं तो बायकोला म्हणाला. पेरेस म्हणाली, "अंदाज चुकला असंल."

तरी त्यानं तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. हात बरा झाला. डॉक्टर मुतिसोंनी छाती ऐकली, वायरी लावून कागदाची पट्टी काढली. पट्टी स्वच्छ.

"पट्टी काढताना काळीज शहाण्यासारखं वागतं," डॉक्टर म्हणाले. "याला अंगावर यंत्र बांधून दोन दिवस घरीच पाहायला हवं."

यंत्र होतं एकच आणि रांग लांब. अपोंडीचा नंबर लागला तोवर मका पेरायचे दिवस आले होते. शेजारच्या रानांत कुदळी चालायला लागल्या होत्या. घरात अदोयो म्हणालीच, "पेरनीच्या तोंडालाच बरा नंबर लागला. आता थोरली इस्पितळात, आन आमी हितं बांधावर कुदळीचं दांडं चाटत बसायचं."

मंगळवारी सकाळी ओगोला तिला मटाटूच्या भाड्याच्या व्हॅनमध्ये घालून घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी समोर बसवून सांगितलं, ओगोलानं ते घरच्या बोलीत फिरवून सांगितलं. महिन्याअखेर राजधानीतून हृदयाचे डॉक्टर येणार होते, पेसमेकर बसवायला, फुकट. पण नुसत्या सांगण्यावर नाव लागणार नव्हतं. यंत्रात काळीज थांबलेलं दिसलं, तरच.

"आन न्हाई दिसलं तर?" अपोंडीनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत कातडी गुलाबी, पातळ, सुरकुतलेली. "मग पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. पुढच्या वर्षीपर्यंत चूल होती, विहीर होती, सरोवराची निसरडी वाट होती. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

यंत्र लावणारी बाई किसी जमातीतली होती, केमुंतो नावाची, हसऱ्या तोंडाची. तिनं छातीवर चिकट बिल्ले लावले, त्यांना वायरी जोडल्या आणि वायरींच्या टोकाची डबी कापडी पिशवीत घालून अपोंडीच्या गळ्यात अडकवली. डबीवर एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आंघोळ नाही करायची, आजी. बाकी रोज जे करता ते सगळं करायचं. पाणी आणायचं, शेतात जायचं. झोपून राहिलात तर यंत्राला झोपलेलं काळीज दिसेल आणि दोन्ही दिवस फुकट जातील. छातीत फडफडलं की हे बटण दाबा." मग ओगोलाकडे वळून ती हसत म्हणाली, "आणि घरी सांगा, याच्यापासून काही लपत नाही. भांडण असो नाहीतर लाड, याला सगळं कळतं."

ओगोला हसला नाही.

न हसायला कारण होतं. दोन वर्षांमागे त्याचा चुलता ओसेवे जमिनीचा खटला हरला होता. खटला चांगला चालला होता, साक्षीदार पढवलेले होते. पण शेजाऱ्यानं खिशातला फोन काढून मॅजिस्ट्रेटसमोर ठेवला, आणि त्यातून ओसेवेचाच आवाज आला, "बांधाचा दगड मीच सरकवला, कोन काय करतंय माझं?" फोनवर असाच एक दिवा लुकलुकत होता, असं ओसेवे नंतर सांगायचा. तेव्हापासून त्या घरठाणात लुकलुकणाऱ्या कुठल्याही वस्तूसमोर कुणी मनातलं बोलत नसे.

ते घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ओगोला तिच्या पुढे झपाझप गेला आणि फाटकाशीच सगळ्यांना गोळा करून काहीतरी कुजबुजला. अपोंडी आत आली तर पेरेस समोर. वाकून म्हणाली, "आलात का, आत्याबाई? दमला असाल. बसा, मी पानी आनते."

अपोंडीनं मागे वळून पाहिलं, कुणी पाहुणी आली आहे की काय.

पाणी आलं. पाठोपाठ मासा आला, मोठा, अख्खा, डोक्यासकट. डोकं गेली कित्येक वर्षं ओगोलाच्या ताटात जायचं. अदोयो आली आणि दारातच थांबली, नजर पिशवीवर. गळ्यात मध ओतल्यासारख्या आवाजात म्हणाली, "कसं वाटतंय, आक्का?"

आक्का. तीस वर्षांत या बाईनं तिला अलेगोवाली म्हटलं होतं, म्हातारी म्हटलं होतं, नवरा असताना एकदा वांझोटी शेळीही म्हटलं होतं, तेसुद्धा तान्हा ओगोला तिच्या पाठीवर असताना. आक्का कधी म्हटलं नव्हतं.

"बरं हाय," अपोंडी म्हणाली. तिला खरंच बरं वाटत होतं. मासा ताजा होता. त्या रात्री ती लवकर झोपली आणि सकाळी कोंबड्याच्याही नंतर उठली.

बुधवारी उजाडल्यावर ती दारात बसून ऐकत राहिली. घरठाणात आवाज नव्हता. सुना एकमेकींना ताई-ताई करत होत्या. धाकटीचा लेक, जो शिवी दिल्याशिवाय बैलाला हलवत नसे, तो बैलाला "चला महाराज" म्हणत होता. अपोंडीनं छातीवर हात ठेवून पाहिला. काळीज गुमान चाललं होतं, जेवून सुस्तावलेल्या कुत्र्याच्या श्वासासारखं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

असंच चाललं तर यंत्रात काय भरणार? लाडात लोळणारी म्हातारी. उद्या डॉक्टर म्हणणार, काही नाही, घरी जा. मग ही पोरं गळ्यातली पिशवी गेल्या-गेल्या पुन्हा आपल्या जागेवर येणार, आणि वर म्हणणार, बघा, यंत्रानंसुद्धा सांगितलं, नाटक आहे म्हणून. आणि कुठल्यातरी दिवशी ती चुलीत तोंडावर पडणार.

तिनं घागर उचलली आणि विहिरीची वाट धरली. फाटकापर्यंत पोचली नाही तोच पेरेस धावत आली, पाच महिन्यांचं पोट सांभाळत. "द्या हिकडं, आत्याबाई. मी असताना तुमी कशाला?"

"सोड. मला डाक्टरनं सांगितलंय काम करायला."

"व्हय, व्हय," पेरेस पिशवीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, जणू पिशवीत बहिरा माणूस बसलाय. "आमी काय आजारी मानसाला राबवनारी मानसं न्हाई."

अपोंडीनं घागर सोडली आणि दुसरा डाव टाकला. "तुझी काल रात्रीची उगाली," ती म्हणाली, "कुत्र्याला घातली असती तर कुत्र्यानं गाव सोडलं असतं."

पेरेसचे ओठ आवळले गेले. पण सुटले ते हसायलाच. "शिकवा की तुमी, आत्याबाई."

"तुझ्या आईला जे जमलं न्हाई ते मी कुटं शिकवू? चार पोरी उजवल्या, एकीला चूल पेटवता येत न्हाई."

पेरेसच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ती घागर घेऊन विहिरीकडे गेली. आणि अपोंडीच्या छातीत काय झालं? काही नाही. थोडी लाज वाटली तेवढंच. लाजेनं तिचं काळीज कधी थांबलं नव्हतं.

मग ती अदोयोच्या अंगणात गेली. अदोयो छोटी मासळी वाळत घालत होती. सगळ्यात जुनी ठसठस काढायची असं ठरवूनच अपोंडी गेली होती.

"सेमेवाले, ते शिवनयंत्र ओग्वेनोनं मला आनलं हुतं. तू आजारी पडल्याचं सोंग केलंस आन दारात मांडून घेतलंस."

या वाक्यावर मागे दोनदा डोकी फुटली होती. अदोयोचा हात मासळीवर थांबला. मान फुगली. अपोंडी वाट बघत उभी राहिली, अंगठा बटणावर. ये, सेमेवाले. बोल. तुझ्या तोंडात जे असेल ते सगळं काढ.

"घेऊन जा की मग, आक्का," अदोयो म्हणाली. "गंजलंय, पन चालतंय."

"अगं, हे काई ऐकत न्हाई," अपोंडी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाली. "याला शब्द कळत न्हाईत. ह्याला फकस्त ठोकं कळत्यात. तू रोज बोलतीस तशी बोल."

"रोज मी तशीच बोलती की," अदोयो तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत अपोंडीला दिसलं की ती एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही. फोनसुद्धा ऐकत नाही असंच ओसेवेला वाटलं होतं.

ओसेवे तर दुपारी स्वतःच आला. धुतलेला सदरा, हातात काठी. स्टुलावर बसला, घसा साफ केला आणि वहिनीकडे नव्हे, पिशवीकडे तोंड करून म्हणाला, "मी ओसेवे. ओग्वेनोचा सख्खा भाऊ. या घरात वहिनीला कुनी काय तरास दिला असंल, तर तो माझ्या म्हाईतीत न्हाई."

"कुनाशी बोलतुयास, भाऊजी?"

"तुमच्याशीच, वहिनी." नजर पिशवीवरच. "आमी समदी तुमचं मानतो. पेरनी बी थांबवलीया. यंत्र निघू द्या, मग पेरू. आजारी बाईला रानात नेलं असं कुटं भरायला नगं."

पेरणी. ओसेवे गेल्यावरही तो शब्द तिच्यापाशी बसून राहिला. शेजारच्या रानात कोंब दिसायला लागले होते. इथे सगळ्यांची बोटं वळवळत होती, पण थोरलीशिवाय कुणाला हलता येत नव्हतं. शिवी दिली तर गिळतील, आईवरून बोललं तर गिळतील. पण एक गोष्ट अशी होती की जी समोर झाली तर या घरात कुणाला, डबी असो वा मॅजिस्ट्रेट, तोंड मिटून राहता येणार नव्हतं. अपोंडीनं तिचा विचार केला आणि छातीतला मासा त्या दिवशी पहिल्यांदा थोडा हलला.

पुन्हा बसून तिनं नीट जुळवून पाहिलं. अदोयोला ती पुरती ओळखून होती. कुदळ तिच्या हातात दिली तर ती साप दिल्यासारखी फेकून देईल. किंचाळेल. 'माझ्या नातवंडांवर चिरा आनतीस?' म्हणेल. मग ओगोला, मग सुना, मग तीस वर्षांचं सगळं बाहेर पडेल. काळजाला पाहिजे ते मिळेल. बी जागच्या जागी राहील, कुदळ परत आपल्या हातात येईल, आणि रीत मोडणार नाही. नुसती वाकेल.

तिनं बी ठेवलेला पोकळ भोपळा काढला, कुदळ घेतली आणि अंगणात उभी राहून हाक मारली, "चला. पेरायचंय."

दुपार कलताना कुणी पेरायला काढत नाही. पण घरठाणातनं माणसं अशी निघाली जणू दाराआड उभीच होती. ओसेवेनं मात्र फाटकाशी अडवलं. "आदी ह्यात सांगा, वहिनी. की तुमच्या मर्जीनं चाललाय."

अपोंडीनं पिशवी तोंडापाशी नेली. "मी माझ्या मर्जीनं पेरायला चाललीया," ती म्हणाली. सगळ्यांनी मान हलवली.

रानाच्या कडेला सगळे रीतीप्रमाणे उभे राहिले. अपोंडी पुढे, तिच्या मागे अदोयो, मग ओगोला, मग बाकीचे. माती मऊ होती. अपोंडीनं कुदळ उचलली, आणि वळून ती अदोयोसमोर धरली.

"घे. पहिली तू मार."

कुणीतरी हसलं, थट्टा समजून. मग हसणं थांबलं.

"घे म्हनते ना."

अदोयोनं कुदळीकडे पाहिलं. मग पिशवीकडे. मग मागे उभ्या आपल्या लेकाकडे, सुनांकडे. अपोंडी तिच्या किंकाळीची वाट बघत होती. किंकाळी आली नाही. अदोयोनं हात पुढे केला, दांडा घेतला, आणि ती वाकली. इतकी सहज वाकली, जसं काही तीस पेरण्या मनातल्या मनात ती याच जागी वाकत आली होती. कुदळ पडली. तिनं भोपळ्यातून दाणे घेतले, खड्ड्यात टाकले, आणि टाचेनं माती दाबली.

मग आभाळ फाटल्यासारखा गलका झाला. ओसेवे काठी आपटत होता. पेरेस पोटावर दोन्ही हात धरून मागे मागे सरकत होती. ओगोला अगदी तोंडाशी येऊन ओरडत होता, डबी-बिबी सगळं विसरून. "काय केलंस गं आई, काय केलंस? तुला मरायचं तर मर की एकटी. आमच्या लेकरांनी तुजं काय घोडं मारलं? जलमभर पडून पडून बापाला खाल्लंस, आता आमाला खातीस व्हय?"

हेच तर तिला हवं होतं. पण ती ते ऐकतच नव्हती. ती बघत होती अदोयोच्या टाचेखालची माती. टाचेचा खळगा स्पष्ट उमटला होता. तिनं फक्त दाखवायला पुढे केलं होतं, आणि समोरच्या बाईनं ते घेतलं होतं. छातीत मासा एकदा उलटला, दुसऱ्यांदा उलटला. अंगठ्याला बटण सापडलं. मग पांढरं.

शुद्धीवर आली तेव्हा डोकं कुणाच्यातरी मांडीवर होतं. ती अदोयो होती. बाकी सगळे लांब उभे होते, जवळ यायला भीत.

"तू दिलीस," अदोयो खालच्या आवाजात म्हणाली. "मी मागितली न्हवती."

"व्हय," अपोंडी म्हणाली.

गुरुवारी इस्पितळात केमुंतोनं डबी काढून घेतली. डॉक्टरांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "काल दुपारनंतर काय झालं होतं?"

ओगोला जमिनीकडे बघत होता. अपोंडीच म्हणाली, "पेरनी."

"पेरणीत एवढं काय?"

डॉक्टरांनी पडदा ओगोलाकडे वळवला. उंच-सखल जाणारी रेघ, आणि मध्येच ती आडवी, वारा पडल्यावर सरोवर दिसतं तशी. दोनदा सावकाश आमेन म्हणून होईल एवढी लांब. मग पुन्हा उंच-सखल. "एवढा वेळ तुमच्या आईचं काळीज बंद होतं," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा सुरू झालं हे नशीब. नाव लावतो मी."

बाहेर ओगोला तिच्याशेजारी बाकावर टेकला. मग म्हणाला, "मंजे खरंच थांबायचं."

"व्हय."

"आमाला वाटायचं..." त्यानं ते तसंच सोडलं आणि मटाटू बघायला उठला. या वाक्याची अपोंडीनं किती वर्षं वाट पाहिली होती. ते अर्धंच आलं, आणि आलं तेव्हा तिला त्याची चव लागेना.

महिन्याअखेर राजधानीचे डॉक्टर आले. तिच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली त्यांनी काडेपेटीएवढी वस्तू शिवली. त्यानंतर ती एकदाही पडली नाही.

घरी ओसेवेनं माणसं बसवली. बोकड कापला, झाडपाल्याचा काढा उकळला, सगळ्यांनी प्यायला, पोरांच्या नरड्यातही ओतला. मग ओसेवे म्हणाला, "ज्या हातानं बी आदी पडलं, तो हात आता थोरला. मोडलेलं जोडाया गेलं तर दुसऱ्यांदा मोडतंय." आणि घसा साफ करून, "शिवाय वहिनीच्या छातीत आता दुसऱ्याच कुनाचं तरी ठोकं चाललंत. त्या अंगानं बी कसं काडायचं?" तो तिच्याकडे बघत नव्हता. आता गळ्यात डबी नव्हती, तरीही नव्हता.

दोन आठवड्यांनी पेरेसचं पोट पडलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, मलेरिया. त्या महिन्यात गावात आणखी दोघींचं असंच झालं होतं. घरात कुणी काही म्हणालं नाही. नाटकी म्हणालं नाही, चेटकी म्हणालं नाही, चिऱ्याचं नाव काढलं नाही. पेरेस सासूसमोर ताट ठेवायची आणि हात मागे घ्यायची, चटका बसल्यासारखा. अपोंडीला म्हणता आलं असतं, पोरी, नर्सचं ऐक. पण नर्सचं खरं की टाचेखालच्या मातीचं, हे तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. ज्या रीतीवर ती आयुष्यभर उभी होती तिच्यावर, केवळ आपल्या सोयीसाठी, आता अविश्वास कसा ठेवायचा?

भांडायलासुद्धा तिच्याकडे कुणी येईना. तिच्याशी मोठ्यानं बोललं की पडद्यावरची ती आडवी रेघ दिसते, असं ओगोला एकदा बायकोला म्हणाला. अपोंडी दारात बसायची. एकदा तिनं पेरेसच्या उगालीला मुद्दाम नाव ठेवलं. पेरेस "बरं" म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या वर्षी बी अदोयोच्या घरातून निघालं. अपोंडीनं आपली कुदळ धुतली, दाराशी टेकवली आणि बसली. अदोयो पुढे गेली, मग लेक, सुना. रानाच्या कडेला सगळे रांगेत उभे राहिल्यावर एक जागा रिकामी राहिली, पहिलीच्या मागची.

"ये गं, अलेगोवाले," अदोयोनं हाक मारली. "तुजी पाळी."

आवाजात टोमणा नव्हता, गोडीही नव्हती. पाळी होती म्हणून हाक होती. अपोंडी उठून गेली. अदोयोची कुदळ पडून झाली होती, टाचेचा खळगा तिथेच होता. त्याच्या शेजारी उभी राहून तिनं जुन्या सवयीनं आधी जमिनीकडे पाहिलं, पडायचं झालं तर दगड कुठे आहे ते. आणि मासा उलटायची वाट पाहिली.

मासा उलटला नाही. हाडाखालची वस्तू आपलं काम करत होती, शेजाऱ्याच्या रानातल्या पंपासारखी, कुणाचं पाणी कुणाला जातंय याची तिला पर्वा नव्हती. काळीज एका लयीत चालत राहिलं.

तिनं कुदळ मारली, दाणे टाकले, टाचेनं माती दाबली आणि बाजूला झाली. मागे ओगोला उभा होता, आता त्याची पाळी होती.